सातपुड्याचा सरळसोट साग

साधं बोलणारा माणूस दरिद्री असतो, असं आमच्या शाळेतले मराठीचे मास्तर म्हणत. "ज्याच्या मुखी उपमा नाही," तर्जनी वर करून ते सांगत, "त्याच्या घरी लक्ष्मी नांदत असली तरी ती मुकी समजावी." या वाक्याचा अर्थ काय, हे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसूनही मला कळलं नाही. त्यांना तरी कळला असेल असं वाटत नाही. पण वाक्य संपलं की ते डोळे मिटून घेत आणि समोरचा 'वा' म्हणेपर्यंत उघडत नसत. लोकांना कामं असत, म्हणून लोक 'वा' म्हणून टाकत.

मी त्या शाळेत गणित शिकवायचो. म्हणजे मास्तरांच्या लेखी मी माणसांत मोडतच नव्हतो. "दोन आणि दोन चार!" ते मला म्हणत. "ठीक आहे. पण पुढे? त्यात रस तो कोणता, गणिती?" मी म्हणायचो, पाच सांगितले तर रस येईल का? त्यावर ते खरोखर विचारात पडत.

शाळा होती सातपुड्याच्या पायथ्याशी, पश्चिम खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात. मंगळवारी बाजार भरायचा. वरून डोंगरातली माणसं मोळ्या, डिंक, चारोळी घेऊन उतरत, खालून तापीकाठचे शेतकरी गाड्या घेऊन येत. मी तापीकाठचाच. घरात आमच्या अहिराणी; शाळेतली मराठी मी शाळेत शिकलो आणि शाळेतच ठेवली. मास्तर मात्र थेट पुण्याहून आलेले. नंदुरबार स्टेशनावर उतरून बैलगाडीने गावात आले, तेव्हा 'साहित्यसेवेसाठी स्वेच्छेने वनवास पत्करला' असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पुणं त्यांनी का सोडलं ते कोणालाच माहीत नव्हतं. माझा अंदाज, तिथे त्यांच्यासारखे फार होते.

उंच, वाळलेले, डोक्याला जरीची पगडी, बाराही महिने काखेत छत्री. चालता चालता मध्येच थांबत. थांबले की समजावं, उपमा येते आहे. तर्जनी हळूहळू वर जाई. ती कशासारखी वर जाई हे मी सांगणार नाही. त्यांच्या सहवासात उपमांचा मला कायमचा वीट आला.

सातवीच्या वर्गात त्यांचा नियम होता : सकाळी प्रत्येक मुलाने एक ताजी उपमा आणायची. मुलं बिचारी खरंच आणायची. ज्या गावात उन्हाळ्यात घराघरांपुढे लाल मिरची पसरलेली असते, तिथल्या मुलांना काय सुचणार? एकाने उभं राहून सांगितलं, "मास्तर, तुमना राग मिरचीना खळामातून वारा यावा तसा शे." वर्ग हसला. खरं तर मास्तरांचा राग तसाच होता. डोळ्यांत पाणी आणायचा आणि पोट भरायचा नाही. पण मास्तरांनी त्याला छडी दिली. रागाबद्दल नव्हे, मिरचीबद्दल. "काव्यात मिरची! ग्राम्यता दोष!" त्यांच्या वहीत चालायचं ते कमळ, चंद्र, चकोर आणि राजहंस. राजहंस म्हणजे काय, असं एका गवळ्याच्या मुलाने विचारलं. मास्तर म्हणाले, दुधातून पाणी वेगळं काढणारा पक्षी. मुलगा घाबरून खाली बसला. बापाला जाऊन काय सांगायचं, हा त्याच्यापुढे प्रश्न होता.

माणसांनाही ते अलंकारांची नावं देत. हेडमास्तरांना 'अनन्वय' म्हणत, म्हणजे ज्याची तुलना फक्त त्याच्याशीच होते असा. हेडमास्तर वर्षभर खूश होते. शिपायाला दिलेल्या हुकमातला शेवटचा शब्द परत म्हणायची सवय होती, म्हणून तो 'यमक'. मी 'गद्य'. स्वतःला त्यांनी कोणतंच नाव दिलं नव्हतं, पण ती उणीव डिपुटीसाहेबांच्या तपासणीत भरून निघाली. साहेबांनी सातवीला विचारलं, "अतिशयोक्तीचं उदाहरण सांगा." पहिल्या बाकावरचा मुलगा ताडकन उठला. "आमचे मास्तर म्हणतात, सगळं पुणं त्यांना ओळखतं." साहेब पुण्याचेच होते. त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं आणि त्या मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले.

एकदा आम्ही वरच्या वर्गातली मुलं घेऊन तोरणमाळला गेलो. चढण बघून मास्तरांच्या गुडघ्याने दगा दिला आणि ते पायथ्याच्या वस्तीतच थांबले. आम्ही वर गेलो, धुकं पाहिलं, तलाव पाहिला, कुडकुडलो, सीताफळं खाल्ली, पायांना फोड घेऊन खाली आलो. मास्तर खाटेवर बसले होते. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनीच आम्हाला सांगायला सुरुवात केली, आम्ही वर काय पाहिलं ते. देवदारांच्या रांगा, त्यांतून झुळझुळणारा वारा, हरिणशावकांच्या झुंडी. पुढच्या आठवड्यात 'आमची सहल' हा निबंध आला. ज्यांनी देवदार लिहिला ते पास. डोंगरातल्या पावरा आदिवासींपैकी एका मुलाने लिहिलं की वर देवदार नाहीत, मोह आहे, आंबा आहे, आणि त्याच्या मामाचं घर आहे. त्याला शून्य मिळालं. मी मास्तरांना म्हटलं, "अहो, तो मुलगा तिथलाच आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले. "जो तिथला असतो त्याला दृष्टी नसते. त्याला फक्त डोळे असतात."

मी त्यांच्याच घरात ओसरीलगतच्या खोलीत राहायचो, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी सुटका नव्हती. घरात ते आणि वहिनी, दोघंच. वहिनी बुटक्या, गोऱ्या, कामाला वाघीण. गावात आल्यावर वर्षभरात त्या बाजारकरणींशी अहिराणीत घासाघीस करायला लागल्या होत्या. मास्तर आयुष्यभर 'आहे'च्या जागी 'शे' ऐकलं की कानावर हात ठेवत राहिले. घरी आल्यावर मास्तर पाणी मागत नसत. दारात उभे राहून म्हणत, "तृषार्त चातक अंगणी आला आहे." आतून वहिनींचा आवाज यायचा, "त्याला म्हणावं रांजण भरलेला आहे, हाताने घे." पण शेवटी आणून द्यायच्याही त्याच. मला म्हणायच्या, "भाऊजी, लग्न झालं तेव्हा मला वाटलं, केवढा शिकलेला नवरा मिळाला! पहिल्या दिवाळीला ह्यांनी माझ्यावर कविता केली. त्यात माझं नाक चाफेकळी. माझं नाक बघा. मी विचारलं, ही कोण? तर रुसून बसले."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि गाव नेतही होतं. दित्याच्या खटल्यानंतर मी हसायचं सोडलं.

दित्या हा डोंगरातल्या एका पाड्यावरचा पावरा. दर मंगळवारी तो आमच्याकडे सरपणाची मोळी आणून टाकायचा. पडलेलं, वाळलेलं लाकूड गोळा करायला त्याच्या लोकांना मुभा होती. तो मितभाषी माणूस होता. मोळी परसात उतरवायचा, "बाई, लाकडं लई वनू," म्हणजे लाकडं घेऊन आलो, एवढं म्हणायचा, वहिनींनी दिलेली भाकरी उभ्याउभ्या खायचा आणि बाजारात जायचा. मास्तर त्याच्याकडे बघतही नसत. त्याचं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंका आहे.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी जंगलात रस्त्याकडेचे चार चांगले साग कोणीतरी रातोरात तोडून नेले. गाडीशिवाय नेता येणार नाहीत असे साग. पण जंगलच्या नाकेदाराला वरून कागद आला आणि त्याला चोर हवा झाला. गाडीवाल्याला धरायची त्याची छाती नव्हती. मंगळवारी त्याच रस्त्याने मोळी घेऊन येणारा दित्या धरायला सोपा होता. पकडला तेव्हा त्याच्याजवळ लाकूड नव्हतं, म्हणून साक्षीदार लागला. मास्तर रोज सकाळी त्याच रस्त्यावर फिरायला जातात हे नाकेदाराला ठाऊक होतं. तो आमच्या ओसरीवर येऊन बसला.

"मास्तर, त्या मंगळवारी डोक्यावर लाकूड घेऊन तो दित्या तुम्हाला सामोरा आला होता ना?"

"आला होता," मास्तर म्हणाले.

"मग तेवढं कचेरीत येऊन सांगायचं."

मास्तरांचा चेहरा उजळला. तो मला अजून दिसतो. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असे श्रोते मिळणार होते, ज्यांना मध्येच उठून जाता येत नाही आणि ज्यांच्यातला एकजण शब्द न् शब्द लिहून घेणार.

त्यांनी साक्षीची तयारी सुरू केली. संध्याकाळी परसात येरझारा घालत पुटपुटायचे, थांबायचे, बोटं मोडायचे. मी एकदा विचारलं, "पाठ कशाला करता? पाहिलं ते सांगायचं." ते म्हणाले, "पाहिलेलं कोणीही सांगेल." मला वाटलं, नेहमीचंच आहे.

तारखेला त्यांनी सगळ्या शाळेला आवतण दिलं. आम्ही तिघंचौघं शिक्षक गेलो. मामलेदारसाहेब तेव्हा असले लहान खटले स्वतः चालवत. थकलेला, पोटाचा विकार असलेला माणूस. समोर कागदांचा ढीग. दित्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. बाहेर कडुनिंबाखाली त्याची म्हातारी आई आणि बायको.

"तुम्ही आरोपीला पाहिलंत?" मामलेदारांनी विचारलं.

"पाहिले? नेत्रांनी प्राशन केले, महाराज."

"पाहिलंत. केव्हा?"

"जेव्हा उषेच्या गालावरची—"

"सकाळी," मामलेदार कारकुनाला म्हणाले. "बरं, त्याच्या डोक्यावर काय होतं?"

मास्तर थांबले. तर्जनी वर गेली. मी तिथेच ओळखायला हवं होतं की आता काहीतरी भयंकर होणार. ते सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाले :

"सातपुड्याचा सरळसोट साग सहजी सावरीत सामोरा सरसावला!"

आणि डोळे मिटून घेतले.

मागून कोणीतरी सवयीने 'वा' म्हणालं. एक वकील हसून मान डोलावत होता. कारकुनाने लेखणी थांबवून विचारलं, "साग?"

"साग," डोळे न उघडता मास्तर म्हणाले.

कारकुनाने लिहिलं. त्याने काय लिहिलं ते त्याने वाचून दाखवलं : साक्षीदाराने आरोपीस सागाचे लाकूड डोक्यावरून नेताना समक्ष पाहिले. सगळे 'स' गळून पडले होते, साग तेवढा उरला होता.

दित्याला विचारलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "साहेब, मी साग तोडा नही. ते धावडानं सुकेल लाकूड व्हतं. बाईना घर टाकं." मामलेदार नवीन आलेले, त्यांना अहिराणी धड कळत नव्हती. त्यांनी नाकेदाराकडे पाहिलं. नाकेदार म्हणाला, "साहेब, नाही म्हणतोय." मी उठलो, म्हटलं, साहेब, तो पुढेही काही बोलला. शिपायाने दंडाला धरून मला खाली बसवलं. साक्षीदार नसलेल्याने बोलायचं नाही. मामलेदार म्हणाले, "शाळामास्तर माणूस खोटं कशाला सांगेल?" आणि पुढची तारीख देऊन दित्याला कोठडीत पाठवलं.

आम्ही घरी आलो. ओसरीवर पगडी उतरवताना मास्तरांनीच विचारलं, "कसा वठला अनुप्रास?"

"मास्तर, तो धावडा होता. ती मोळी आपल्याच परसात पडली. मी पाहिली."

"असेल."

"मग साग का म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "गणिती, 'सातपुड्याचा धावडा सहजी सावरीत'? म्हणून बघा. कानाला ठेच लागते."

आतून वहिनी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातात चुलीपुढचं एक लाकूड होतं. ते त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात टाकलं. "हे त्याच मोळीतलं. हे साग आहे का? चुलीत साग कोण घालतं?"

"तू आत जा. हा साहित्याचा प्रश्न आहे."

"अहो, माणूस आत बसलाय! त्याची आई कचेरीपुढे बसून आहे. वर त्याची ज्वारी कापायला आली आहे, राखायला कोणी नाही. उद्या जा आणि मामलेदारांना सांगा, बोलण्यात चूक झाली."

"चूक?" मास्तर ताठ झाले. "चूक झालेली नाही. मी एक रचना सादर केली. तिचा शब्दशः अर्थ घेणं हा ऐकणाऱ्याचा दोष आहे. आणि शहाद्याचे वकील स्वतः येऊन म्हणाले, असं वाक्य या कचेरीत आजवर उच्चारलं गेलं नव्हतं."

ते खरंच होतं.

वहिनींनी ते लाकूड उचलून आत नेलं. त्या दिवसांत त्या रोज भाकरी घेऊन कडुनिंबाखाली जात. म्हातारी त्यांना आपल्या बोलीत काही सांगायची. ते सगळं त्यांना कळत नसावं, पण त्या बसून ऐकायच्या. मी मामलेदारांना भेटायचा प्रयत्न केला. शिरस्तेदाराने सांगितलं, तारखेला या. पुढच्या तारखेच्या सकाळी वहिनी लुगडं बदलून ओसरीवर आल्या. काखेत लाकडाचे दोन तुकडे, फडक्यात बांधलेले. "भाऊजी, चला." त्या काळात मास्तरांच्या घरातली बाई कचेरीची पायरी चढते हे गावाने पाहिलं नव्हतं. रस्त्याने दुकानदार पेढीवरून उठून बघत होते. वहिनींनी पदर नीट केला, एवढंच.

मास्तर आधीच तिथे जाऊन बसले होते. निकाल ऐकायचा होता त्यांना, आणि कदाचित निकालपत्रात आपलं वाक्य येईल अशीही आशा असावी. बायकोला दारात पाहून त्यांनी छत्री उगाच उघडली आणि मिटली.

मामलेदारांनी वहिनींना बोलू दिलं. पोटदुखी असली तरी माणूस वाईट नव्हता.

"त्या मंगळवारी मोळी माझ्या परसात पडली," वहिनी म्हणाल्या. काखेतलं फडकं त्यांनी सोडलं. "सगळा धावडा होता. वाळलेला. आठवडाभर मी त्यावर स्वयंपाक केला. हे उरलेलं. पाहून घ्या."

तुकडे टेबलावर गेले. मामलेदारांनी एका म्हाताऱ्या सुताराला रस्त्यावरून बोलावलं. त्याने हात लावून सांगितलं, धावडा. मग मामलेदारांनी मान वर केली.

"मास्तर, लाकूड तुमच्याच घरी आलं होतं?"

"भौतिकदृष्ट्या, होय."

"मग मला एका शब्दात सांगा. साग की धावडा?"

"महाराज, 'साग' हे पद इथे लक्षणेने—"

"एका शब्दात!"

मास्तरांनी भोवती पाहिलं. कोणी 'वा' म्हणण्याच्या तयारीत नव्हतं. "काव्यात साग," ते म्हणाले.

"आणि डोक्यावर?"

मास्तरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मग अगदी हळू म्हणाले, "डोक्यावर... मी निरखून पाहिलं नाही."

एवढंच होतं त्यांच्या सगळ्या साहित्यात. बाकीचं सगळं त्यांनी घोकलं होतं, घासलं होतं, तोललं होतं; पाहायचं तेवढं राहून गेलं होतं.

दित्याला सोडलं. नाकेदाराला मामलेदारांनी चार शब्द सुनावले. मास्तर मागच्या दाराने निघून गेले. मी आणि वहिनी दित्याबरोबर कडुनिंबापर्यंत आलो. त्याच्या आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. निघताना तो माझ्याजवळ आला. त्याला एकच विचारायचं होतं.

"गुरुजी, हाऊ मास्तर मन्हावर काबर रागायना व्हता?"

मी काय सांगणार? रागावलेला नव्हता, बाबा. रागवायला आधी तू त्याला दिसायला हवा होतास. मी म्हटलं, "रागावला नव्हता. त्याची चूक झाली." दित्याने मान हलवली. त्याला ते पटलं नाही. राग असता तर त्याला समजला असता.

तो वर पोहोचला तेव्हा रानडुकरांनी ज्वारी आडवी केली होती. त्या साली तो बायकोला घेऊन गुजरातेत मजुरीला गेला, असं बाजारात कळलं. पुन्हा तो आमच्या परसात आला नाही.

मास्तरांचं काय झालं? काही झालं नाही. आठवडाभर ते खिन्न होते. नंतर त्यांनी सातवीला अनुप्रास शिकवायला घेतला आणि फळ्यावर उदाहरण म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं : सातपुड्याचा सरळसोट साग सहजी सावरीत सामोरा सरसावला. मुलांनी उतरवून घेतलं. पुढच्या वर्षीच्या मुलांनीही. परीक्षेत हेच वाक्य लिहिलं की गुण मिळत. मी शिक्षकांच्या बैठकीत हरकत घेतली, तर मास्तर म्हणाले, "खटला गेला, उदाहरण राहिलं. कला टिकते ती अशी." हेडमास्तर अनन्वयांनी विषय बदलला.

घरात मात्र एक गोष्ट बदलली. वहिनींनी वाकड्या बोलण्याला उत्तर द्यायचं बंद केलं. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. ऐकूच येत नसल्यासारखं करायच्या. तृषार्त चातक अंगणात येऊन उभा राहायचा आणि तसाच उभा राहायचा. 'पाणी दे' म्हटलं की पाणी मिळायचं. दोन सोपे शब्द होते. पण ते म्हणण्यापेक्षा मास्तर शेजारच्या पाटलीणबाईंकडे जाऊन पाणी प्यायचे. पाटलीणबाई तांब्या देताना म्हणायच्या, "घरमा विहीर आटनी का, मास्तर?" मास्तर पाणी पिऊन तिथेही काहीतरी सुनावायचे. पाटलीणबाई म्हशीला वैरण घालायला निघून जायच्या.

असंच काही वर्षं चाललं. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला वहिनींना हिवतापाने गाठलं. पायथ्याच्या गावांत तो दरवर्षीच यायचा. या खेपेला त्यांना घेऊनच गेला. शेवटच्या दिवसांत पाटलीणबाई त्यांच्या उशाशी होत्या. मी क्विनाईन आणत होतो. मास्तर ओसरीवर येरझारा घालत होते. मध्येच थांबत, बोटं मोडत. मला वाटलं, घाबरलेत. एक क्षण मला त्यांची दया आली, हे मी नाकारत नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. बाजारातल्या बायका आल्या होत्या, वहिनींनी ज्यांची बाळंतपणं काढली त्या आल्या होत्या, शाळा आली होती. जेवणं झाल्यावर मास्तर उभे राहिले. पगडी, उपरणं. म्हणाले, दिवंगत पत्नीवर विलापिका रचली आहे, मंदाक्रांता वृत्तात. आणि गळा काढून म्हणायला लागले :

"गेली कोठे, मज वगळुनी, हाय मंदाकिनी गे!"

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्यात कमळ होतं, चंद्र होता, चाफेकळी होती. दर कडव्याच्या शेवटी मंदाकिनी होती. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पुसून त्यांनी मोठ्याने विचारलं,

"मास्तर, हाई मंदाकिनी कोन शे?"

मास्तर थांबले. "कोण म्हणजे? हीच."

"तिनं नाव तं सरस्वती व्हतं."

"होतं," मास्तर म्हणाले, मूर्ख मुलाला समजावतात तसं. "पण ते या वृत्तात बसत नाही."

पाटलीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मंग दुसरं गानं करानं व्हतं."

मास्तरांनी उपरणं सावरलं, डोळे मिटले आणि तिसऱ्या कडव्याला सुरुवात केली.